नित्यकर्म वजा जाता

४ ऑक्टोबर १९५९, रविवार. एर्लांगेन.

या वहीत आजवर हवामान आणि बटाट्याचे भाव यांखेरीज नोंदण्याजोगे काही घडले नाही. आज मात्र मजवर न्यायदानाचे दायित्व येऊन पडले आहे. तस्मात् अक्षरही किंचित मोठे काढीत आहे.

प्रथम पूर्वपीठिका. मी, दत्तात्रय खांबेटे, वय वर्षे सत्तेचाळीस, सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युतमापनाचा अध्यापक. ज्या वयात लोक नातवंडांना पाढे शिकवितात त्या वयात येथे डॉक्टरेटसाठी विद्यार्थी होऊन आलो आहे. एक जुलैस सौ. वसुधा येऊन पोहोचली आणि त्याच दिवशी आम्ही या वोनवागेनमध्ये गृहप्रवेश केला. वोनवागेन म्हणजे चाकांवरचे घर. शहरात खोल्यांचा दुष्काळ. ज्या होत्या त्यांच्या मालकिणींना फोडणीच्या वासाविषयी आधी लेखी हमी हवी होती. रेग्निट्झ नदीकाठच्या कुरणात अशा नऊ गाड्या ओळीने उभ्या आहेत, त्यांतील सातवी आमची. चाके असूनही ती तसूभर हलत नाही; या बाबतीत तिचे आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाशी साम्य आहे.

दिव्यापुरते मीटर प्रत्येक गाडीस स्वतंत्र. स्नान, धुणे आणि इस्त्री यांसाठी मात्र मध्यभागी एक सामाईक वाशहाउस आहे. त्याचे मीटर एकच आणि बिल नऊ गाड्यांत समसमान. त्या वाशहाउसच्या दारावर आज मालक हेर त्साप्फ यांनी सूचनापत्र डकविले: जुलै ते सप्टेंबरचे विजेचे बिल त्यापूर्वीच्या तिमाहीच्या पावणेदोनपट आले आहे.

"पावणेदोनपट," हेर त्साप्फ जमलेल्या जनतेस म्हणाले. "मी काही फुकट वीज वाटायला बसलेलो नाही. ज्याने वापरली त्याने भरावी."

"म्हणजे कोणी?" तिसऱ्या गाडीतील निवृत्त पोस्टमन हेर बाउर यांनी विचारले.

"दिवसभर इस्त्री कोणाची तापलेली असते?"

सर्वांच्या दृष्टी फ्राउ पोल यांच्याकडे वळल्या. साठीच्या विधवा बाई. युद्धानंतर पूर्वेकडील सिलेशिया प्रांतातून निर्वासित होऊन आलेल्या. वाशहाउसच्या भिंतीला लागूनच त्यांची गाडी आहे. विद्यापीठातील डॉक्टरांच्या शर्टांना इस्त्री करून त्या चरितार्थ चालवितात.

"माझी इस्त्री चार वर्षं तीच आहे, हेर त्साप्फ," त्या म्हणाल्या. "आणि शर्टही तितकेच."

"तसं सिद्ध करा. आडव्हेंटच्या पहिल्या रविवारपर्यंत, एकोणतीस नोव्हेंबर. नाही तर वाढीव रक्कम सगळी तुमची. जमत नसेल तर गाडी रिकामी करायची."

बाईंच्या मुखावर काहीच उमटले नाही. घर सोडण्याचा पूर्वानुभव असलेली माणसे चेहरा असा सांभाळतात. मला राहवले नाही. पुढे होऊन म्हणालो की विद्युतमापन हा माझा व्यवसाय आहे आणि या प्रकरणाचा शोध मी शास्त्रोक्त पद्धतीने लावीन. हेर बाउर म्हणाले, "हो, हेर प्रोफेसर, बरं होईल." फ्राउ पोल मात्र बराच वेळ मजकडे पाहत राहिल्या. त्या दृष्टीत कृतज्ञता असावी.

६ ऑक्टोबर, मंगळवार.

नित्याप्रमाणे पहाटे साडेपाचास स्नानास गेलो. हे वाशहाउस म्हणजे जर्मन संस्कृतीचे शिखर होय. सांगलीस बंबात चिपाडे सारून, धुराने डोळे चोळीत जे उष्णोदक प्राप्त होई, ते येथे तोटी फिरविताच येते. कितीही घ्या, येतच राहते. तेथील प्रशस्त टब मी गळ्यापर्यंत भरतो, स्तोत्रे खड्या आवाजात म्हणतो आणि अखेरीस दोन बादल्या मस्तकावर घेतो. त्या वेळी तेथे अन्य कोणी नसते. इतरेजन बहुधा मी प्रयोगशाळेत गेल्यावर स्नान उरकीत असावेत. माझ्या एकांतास जपण्याची ही त्यांची सभ्यता मनाला भिडते.

स्नानोत्तर प्रसन्न चित्ताने मीटरचा पहिला आकडा टिपला. यापुढे रोज सकाळी सातास टिपणार.

११ ऑक्टोबर, रविवार.

सैद्धांतिक गणित आज पूर्ण झाले आणि मी हतबुद्ध झालो.

पद्धत अशी की जे नित्यकर्म आहे ते स्थिर मानून प्रथम वजा करावे. जे उरेल त्यात अपराधी सापडतो. नऊ गाड्यांत माणसे एकोणीस. प्रत्येकी दिवसाला एक स्नान, मनुष्यस्वभावास अनुसरून. तितके पाणी तापविण्यास लागणारी वीज काढली आणि एकूण विजेतून वजा केली, तो उत्तर ऋण आले. एकोणीस माणसांच्या नुसत्या नित्यस्नानालाच प्रत्यक्ष वापराच्या तिप्पट वीज लागावयास हवी.

अर्थात् बिल इतके अधिक का, हा प्रश्नच नव्हे. ते इतके कमी कसे, हा प्रश्न आहे. मीटर मंद चालत असावे, असा एक तर्क संभवतो.

वसुधा फरसबी मोडीत बसली होती. म्हणाली, "अहो, सगळे रोज आंघोळ करत नसतील."

"वसुधे, ज्या राष्ट्राने जगाला क्ष-किरण दिले त्याच्यावर असा आरोप करू नये."

"आरोप कसला त्यात? शनिवारी संध्याकाळी टॉवेल घेऊन रांग लागते, ती बघितलीत ना? एरवी कोण दिसतं तुम्हाला तिथं?"

ती पर्वणीची अधिक आंघोळ असणार, असे मी तिला समजाविले. संक्रांतीला माणूस नदीवर जातो म्हणून त्याची घरची आंघोळ चुकते काय?

"मग कुणाला तरी विचारून बघा."

परक्या गृहस्थास त्याच्या स्नानाविषयी पृच्छा करणे ही असभ्यतेची परिसीमा होय. सज्जनाचे साधन अनुमान.

१४ ऑक्टोबर, बुधवार.

वसुधा हल्ली दुपारी फ्राउ पोल यांच्याकडे इस्त्री शिकावयास जाते. त्या निमित्ताने तिचे जर्मन माझ्यापेक्षा सुधारले आहे, हे येथे गुप्तपणे नमूद करतो. आज तेथून परतली ती दारातच उभी राहून मजकडे पाहत राहिली.

"काय झाले?"

"काही नाही. कोळसा जास्त आणायला हवा."

उद्यापासून ती गाडीतच स्टोव्हवर पाणी तापवून एका बादलीत स्नान करणार आहे. कोळशाच्या धगीशी बरे वाटते, असे कारण दिले. "तुम्हीही करून बघा," असेही म्हणाली. स्त्रियांची रुची हा विषय मापनशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. मी नम्रपणे नकार दिला. या वयात टबाची सवय मोडणे प्रकृतीस मानवत नाही.

२१ ऑक्टोबर, बुधवार.

महत्त्वाची घटना. गेल्या गुरुवारपासून वाशहाउसचा दैनिक वापर लक्षणीय उतरला आहे. निष्कर्ष उघड आहे: माझ्या तपासाची वार्ता अपराध्याच्या कानी गेली आणि तो सावध झाला. वसुधेला हे सांगताच ती "हो का?" म्हणाली आणि पातेल्यातील आमटी आवश्यकतेहून जोराने ढवळू लागली.

३१ ऑक्टोबर, शनिवार. नरकचतुर्दशी.

यशवंत आणि श्यामकांत, दोघेही झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात शिकाऊ अभियंते, कालच आगगाडीने आले. पूर्वी सांगलीस माझे विद्यार्थी होते. रात्री दोघांना वोनवागेनच्या जमिनीवर असे मांडावे लागले की एकाने कूस पालटली तर दुसऱ्यास कळवावे. सूर्योदयापूर्वी तेल, उटणे आणि यथासांग अभ्यंगस्नान झाले. टब तीनदा भरला गेला.

"सर, सहा महिन्यांत पहिल्यांदा अंगभर पाणी मिळालं," यशवंत चकली मोडीत म्हणाला. "आमची लँडलेडी बाथरूमची किल्ली आठवड्यातून एकदाच देते. शनिवारी."

त्या स्त्रीच्या कार्पण्याची मला कीव आली आणि तसे मी बोललो.

सातास मीटर पाहिले तो आजवरचा उच्चांक. अपराध्याचे धूर्तपण पाहा: आम्ही सणात मग्न आहोत हे हेरून त्याने नेमका हाच प्रातःकाल साधला. मी हे सर्व दोघांना विशद करून सांगितले. श्यामकांत ऐकता ऐकता थबकला.

"सर, तिथलं पाणी तापतं कशावर?"

"विजेवर. परंतु ते नित्यकर्म असल्यामुळे गणितातून आधीच वजा केलेले आहे."

त्याने काही म्हणण्यास तोंड उघडले. वसुधेने त्याच्या ताटात आणखी एक लाडू वाढला.

८ नोव्हेंबर, रविवार.

आज मन प्रसन्न नाही. दुपारी एक तरुण जोडपे मोजपट्टी घेऊन फ्राउ पोल यांच्या गाडीपाशी आले. त्साप्फनीच पाठविले होते. बाईंनी त्यांना आत घेतले, कपाट कोठे बसेल हे स्वतः दाखविले आणि कॉफीही दिली. मग ती दोघे गेल्यावर त्या पायरीवर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळू लागल्या. मी धीर द्यावयास गेलो.

"बरं तर, हेर खांबेटे," त्या म्हणाल्या, "तुमचा आलेख कुठवर आलाय?"

प्रगतिपथावर आहे, असे सांगितले. त्यांनी मान हलविली आणि आणखी एक कप गुंडाळला.

घरी आलो तो वसुधा कमरेला पदर खोचून उभी. "आता पुरे झालं. दिवसातून एकदा आकडा घेऊन काय कळणार? तासातासाला घ्या."

"प्रयोगशाळा?"

"आठवडाभर रजा काढा. आणि जो तास सापडेल त्या तासाला तिथं कोण असतं ते डोळ्यांनी बघा. तुमचंच ना हे, की बघितल्याशिवाय मानायचं नाही?"

सूचना अशास्त्रीय नाही. ती मलाही सुचण्याच्या मार्गावर होतीच.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार.

चार दिवस प्रत्येक तासास मीटर वाचले. आलेख इतका स्वच्छ आला आहे की चौकटीत बसवून भिंतीस लावावा. फ्राउ पोल यांची इस्त्री दुपारी एक ते पाच चालते. त्या काळात रेषा जेमतेम मान वर करते. बाई निर्दोष आहेत, हे आता आकड्यांनी सिद्ध झाले.

परंतु साडेपाच ते साडेसहा या एका तासात रेषा पर्वतासारखी उभी राहते. चारही दिवस. तीच घटका, तीच उंची.

गूढ असे की त्या घटकेस सबंध कुरण निद्रिस्त असते. मी स्वतः तेथे असतो, म्हणून हे खात्रीने सांगू शकतो.

१७ नोव्हेंबर, मंगळवार.

आज पहाटे वसुधेस वाशहाउसबाहेर पहाऱ्यावर ठेविले. गवतावर हिव पडले होते. ती माझा ओव्हरकोट घालून तासभर उभी राहिली. मी स्नान आटोपून बाहेर आल्यावर तिची साक्ष घेतली.

"कोण आले?"

"तुम्ही."

"माझ्याव्यतिरिक्त?"

"कुणी नाही."

नोंद: कोणीही आले नाही.

दुसरा स्वतंत्र साक्षीदार हवा म्हणून हेर बाउर यांना गाठले. टपालखात्याच्या सवयीने ते अद्याप पाचास उठतात आणि खिडकीशी बसतात. "आत जाताना तुम्ही," ते म्हणाले, "बाहेर येताना तुम्ही. मधे गाणं. कोणी दुसरं? नाही."

नोंद: दोन्ही साक्षींत पूर्ण मतैक्य. आता एकच तर्क उरतो, तो म्हणजे वायरिंगमध्ये कोठेतरी गळती असून ती केवळ ब्राह्ममुहूर्तावर प्रकट होते. वसुधेस हे सांगितले. ती ओव्हरकोटासकट पलंगावर बसली आणि तोंडावर हात धरून बराच वेळ हलत होती. थंडी फार बाधलेली दिसते. तिला आल्याचा चहा करून दिला.

२९ नोव्हेंबर, रविवार.

सभा वाशहाउसमध्येच भरली. धुण्याच्या टेबलावर त्साप्फ, बाकांवर जनता, भिंतीवर माझा आलेख. फ्राउ पोल दाराशी उभ्या होत्या, अंगात बाहेर जाण्याचा कोट. माझे भाषण मी तीन भागांत विभागले होते: प्रस्तावना, प्रमाण आणि करुणरस.

दुसऱ्या भागापर्यंत सर्व सुरळीत पार पडले. इस्त्रीची रेषा दाखविली, हेर बाउर म्हणाले, "गेनाऊ, अगदी एवढीशीच." त्साप्फनी चष्मा काढून आलेख जवळून पाहिला. हा गृहस्थ माणसांवर विश्वास ठेवीत नाही, परंतु चौकटीच्या कागदावर ठेवतो.

"बरं," ते म्हणाले. "इस्त्री नाही. मग काय? आणि हे तुमचं गणित, यात आंघोळी किती धरल्यात?"

"प्रत्येकी एक."

"आठवड्याला."

"दिवसाला."

कोणी हसले नाही. हेर बाउर यांनी गुडघ्यावरची टोपी उलटी केली आणि पुन्हा सुलटी केली. "दिवसाला, हेर प्रोफेसर?"

"प्रतिदिनी," मी म्हणालो. "जसे आपण सर्वच..."

वाक्य पूर्ण करण्यासाठी मी सभेकडे पाहिले. कोणाच्या चेहऱ्यावर उपहास नव्हता. स्वतःच्या शिक्षेचा कागद मोठ्याने वाचणाऱ्या माणसाकडे लोक ज्या सौजन्याने पाहतात, तसे ते पाहत होते. वसुधा फरशीकडे बघत होती. मी मागे वळून आलेखाकडे पाहिले. साडेपाच ते साडेसहा. माझ्या हाताने काढलेला तो पर्वत माझ्याच शरीराच्या आकाराचा दिसू लागला.

एकोणिसांतून सतरा वजा गेले, आणि आठ आठवड्यांचे गणित उभ्याउभ्या सुटले. नरकचतुर्दशीही सुटली. गुरुवारही सुटला.

करुणरसाचा भाग मी गाळला. म्हणालो, "त्या वेळी येथे मी असतो. जुलैपासून रोज असतो. वाढीव बिल सर्वांचे मी भरीन, हप्त्यांनी. आणि दारावरच्या कागदाबद्दल, ज्यांचे नाव त्यावर न लिहिताही सर्वांनी वाचले, त्यांची क्षमा मागितली जावी."

त्साप्फनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढविला. मग दाराकडे वळून म्हणाले, "फ्राउ पोल, तुमची भिंत याला लागून. तुम्हाला हे ऐकू येत नव्हतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"आम्ही सिलेशियाची माणसं इथं आलो तेव्हा गावात जे काही हरवायचं ते आमच्या नावावर लिहिलं जायचं," त्या म्हणाल्या. "कोंबडी, कोळसा, एकदा तर दारावरची घंटा. तेव्हापासून मी कोणाचं नाव सांगत नाही, हेर त्साप्फ. विचारलं तरी नाही."

असे ठरले: दारावर पाटी टांगावयाची, शनिवारखेरीज जो स्नान करील त्याने तीवर नाव लिहावे आणि त्या पाण्याची वीज वेगळी भरावी. फ्राउ पोल यांची गाडी फ्राउ पोल यांचीच. मोजपट्टीवाल्या जोडप्यास मालक स्वतः कळवितील. सभा संपल्यावर हेर बाउर यांनी मला बाजूस घेऊन हळूच विचारले की रोज केल्याने कातडी पातळ होत नाही ना.

घरी येताना वसुधा म्हणाली, "आलेख मात्र छान झाला होता हं." तिच्याकडे पाहिले. ती गंभीर होती.

३० नोव्हेंबर, सोमवार.

पहाटे स्टोव्हवर तापविलेल्या एका बादलीत स्नान केले. स्तोत्रे मनात म्हटली. बादलीही स्वच्छ करते, असे निरीक्षण आहे.

प्रयोगशाळेतून परतल्यावर क्षमायाचनेस निघालो. रात्री जर्मनमध्ये दीड पृष्ठांचा मसुदा सिद्ध केला होता; त्यात तीन उपवाक्ये अशी होती की क्रियापद येईपर्यंत ऐकणारा घरी जाऊन यावा. फ्राउ पोल यांच्या पायरीशी पाहतो तो हेर त्साप्फ रविवारची हॅट हातात घेऊन आधीच उभे. आम्ही एकमेकांना अभिवादन केले. खिडकीतून बाई दिसत होत्या. त्यांनी आम्हांला पाहिले आणि हातातली कॉलर शिवून पूर्ण केली. मग दुसरी घेतली. कुरणावर धुके उतरू लागले होते. मालक आणि भाडेकरू शेजारी शेजारी उभे राहून कॉलरी संपण्याची वाट पाहत होते, आणि आमच्यातील सामाजिक अंतर थंडीने बरेच कमी केले.

अखेर दार उघडले. आत दालचिनीचा सुवास. वर्तमानपत्रातून मोकळ्या केलेल्या कपबशा टेबलावर मांडलेल्या. आणि त्या टेबलाशी वसुधा केक खात बसलेली. हा केक तिने पैजेत जिंकला होता, असे कळले. फ्राउ पोल म्हणाल्या होत्या की हेर प्रोफेसरांना उमजेस्तोवर ख्रिसमस उजाडेल. वसुधेने आडव्हेंटची मुदत धरली होती, आणि सभेत मी चुकलोच तर ती स्वतः उठून बोलणार होती. हा करार चौदा ऑक्टोबरचा. तारीख पडताळून पाहण्यासाठी मला ही वही चाळावी लागली. त्या दिवशीच्या नोंदीत कोळसा आहे.

"दोघंही आलात," फ्राउ पोल म्हणाल्या. त्यांनी आमच्या हॅटांकडे पाहिले, माझ्या हातातील दीड पृष्ठाकडे पाहिले, आणि आधी कोणी बोलावे हा निर्णय वसुधेवर सोपविला.

वसुधेने केकचा घास संपविला आणि स्वच्छ जर्मनमध्ये सांगितले, "आधी हेर त्साप्फ बोलू देत. आमच्या यांचं लांबेल."